स्पॅनिश व्याकरण मराठीतून: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

काम ठरलं ते असं. भाची पुण्यात शिकते, तिला देले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेची ए२ पातळी द्यायची आहे. मी नाशिकला घरी बसून बी१, म्हणजे त्यापुढची पातळी, करते आहे. आंतरजालावर फुकट उपलब्ध असलेल्या साधनांवरून दोघींनी मिळून व्याकरणाची टिपणं आणि सरावाची कार्डं तयार करायची, आणि ती सगळी मराठीत.

इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं साहित्य भरपूर आहे, पण ते इंग्रजी बोलणाऱ्याच्या अडचणी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं. त्याला जे विचित्र वाटतं त्यावर पानंच्या पानं खर्च होतात. आपण जिथे खरोखर अडतो, तिथे दोन ओळी असतात. मराठी माणूस हे इंग्रजीतून शिकतो तेव्हा त्या अडचणीही उसन्या घेतो. माझं म्हणणं एवढंच आहे की स्पॅनिशच्या निम्म्या अवघड प्रकरणांना मराठीतून सरळ वाट आहे. ती वाट कुठपर्यंत जाते आणि कुठे संपते, हे नीट लिहून काढायचं.

साधनं ठरवली. विषयांचा क्रम इन्स्टिट्यूटो सेर्व्हांतेस या स्पॅनिश शिकवणाऱ्या स्पेनच्या संस्थेच्या अभ्यासक्रमाप्रमाणे. ए१ पासून सी२ पर्यंत कोणत्या पातळीवर कोणतं व्याकरण, याची पूर्ण यादी त्यांच्या आभासी केंद्रावर वाचायला मिळते. नियमांसाठी रेआल अकादेमिया एस्पान्योला, म्हणजे स्पेनची भाषा अकादमी. ही अकादमी १७१३ सालची. तिनं इतर स्पॅनिशभाषक देशांच्या अकादम्यांबरोबर केलेलं मोठं व्याकरण २००९ मध्ये आलं आणि तेही ऑनलाइन वाचता येतं. वापर तपासायला त्यांचाच 'कोर्पेस' हा वाक्यसंग्रह: २००१ नंतरचे लेख आणि बोलणं, त्यात अमेरिका खंडातला मजकूर ७० टक्के आणि स्पेनचा ३० टक्के. कार्डांसाठी अँकी, म्हणजे कार्डं करून उजळणी घेणारा संगणकावरचा प्रोग्राम.

शिस्त एकच: जो नियम अकादमीच्या व्याकरणात दिसत नाही आणि ज्याचं वाक्य संग्रहात सापडत नाही, तो कार्डावर येणार नाही.

११ जानेवारी

लिपीचा निर्णय. कार्डाच्या एका बाजूला स्पॅनिश लेखन, दुसऱ्या बाजूला देवनागरी उच्चार आणि मराठी वाक्य. देवनागरी पहिले काही आठवडेच, नंतर काढून टाकायची, नाहीतर नजर तिथेच रेंगाळते आणि मूळ लेखन पाठ होत नाही.

उच्चारात आपल्याला बरंच आयतं मिळतं. स्पॅनिश त आणि द दंत्य आहेत, आपल्यासारखेच. क, त, प यांत हकार मिसळत नाही. इंग्रजी भाषकांना यासाठी वेगळा सराव करावा लागतो, आपण ते धडे सोडून द्यायचे. 'ब' आणि 'व्ही' ही अक्षरं दोन असली तरी आवाज एकच, म्हणून टिपणांत दोन्हींसाठी 'ब' लिहायचं ठरलं. 'एच' मुका.

आपली अडचण दुसरीकडे आहे, ती म्हणजे आघात. मराठीत जोर कुठल्या अक्षरावर दिला यानं अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये 'आब्लो'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलते', शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. काळ बदलला आणि माणूसही बदलला! नियम सोपा आहे: शब्द स्वरात, 'एन'मध्ये किंवा 'एस'मध्ये संपत असेल तर जोर उपान्त्य अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर, याला सोडून असेल तिथे स्वरावर तिरकी रेघ लिहिलेली असतेच. पण नियम कळल्यानं कान तयार होत नाही. रोज थोडं श्रुतलेखन हवं: आवाज ऐकायचा, लिहायचं, रेघ द्यायची, ताडून पाहायचं. देवनागरीत आघाताचं अक्षर अधोरेखित करायचं.

१८ जानेवारी

'गुस्तार'. इंग्रजी टिपणांत हे क्रियापद म्हणजे मोठा अडथळा. 'उलट्या रचनेचं क्रियापद' असं त्याला म्हणतात, बाण काढून समजावतात.

'मे गुस्ता एल काफे.' मला कॉफी आवडते.
'मे गुस्तान लोस मांगोस.' मला आंबे आवडतात.

शब्दाला शब्द लावून पाहा. 'मे' म्हणजे मला. क्रियापद कॉफीप्रमाणे एकवचनी, आंब्यांप्रमाणे अनेकवचनी. भाचीला फोनवर ही दोन वाक्यं वाचून दाखवली तर ती म्हणाली, "मावशी, यात शिकायचं काय आहे?" हेच मला हवं होतं. भूतकाळातही तसंच: 'मे गुस्तारोन' म्हणजे आवडले, 'मे गुस्ताबान' म्हणजे आवडायचे.

मग शिकायचं काय, ते शोधत बसले. दोन गोष्टी सापडल्या.

पहिली, सर्वनामाची पुनरुक्ती. 'आ मी एर्माना ले गुस्ता एल ते.' माझ्या बहिणीला चहा आवडतो. पण 'आ मी एर्माना' म्हणजे 'माझ्या बहिणीला' हे आल्यावरही 'ले' म्हणजे 'तिला' ठेवावंच लागतं. मराठीत असं दोनदा येत नाही, त्यामुळे आपण ते 'ले' हमखास गाळणार. इंग्रजी टिपणांत हा मुद्दा शेवटी, बारीक अक्षरात असतो. आपल्या टिपणात तो सगळ्यात वर.

दुसरी जास्त महत्त्वाची. प्रत्येक 'मला' म्हणजे 'मे' नव्हे. मराठी 'मला'चा संसार फार मोठा आहे: मला भूक लागली, मला ताप आहे, मला एक भाऊ आहे, मला माहीत आहे, मला जायचं आहे. यातलं एकही वाक्य 'मे' घेत नाही. भूक, ताप आणि भाऊ तिन्ही 'तेंगो' घेतात, म्हणजे 'माझ्यापाशी आहे'. माहीत असणं म्हणजे 'से', जायचं असणं म्हणजे 'किएरो इर'. सगळीकडे 'मी' कर्ता. म्हणून दोन रकान्यांचा तक्ता केला. डावीकडे 'मे'वाले: आवडणं, दुखणं, कमी पडणं, वाटणं. उजवीकडे 'तेंगो', 'से', 'किएरो'वाले. दुखण्यात एक बारकावा: आपण 'माझं डोकं दुखतंय' म्हणतो, ते मात्र 'मे दुएले ला काबेसा', मला डोकं दुखतं.

२ फेब्रुवारी

'सेर' आणि 'एस्तार'. दोन्ही 'असणं'. इथे मराठीचा 'आहे' एकटाच, त्यामुळे मदत कमी. प्रचलित सूत्र 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' असं आहे. ते भाचीच्या टिपणातून काढायला लावलं, कारण 'एस्ता मुएर्तो' म्हणजे 'तो मेलेला आहे'. मरणाहून कायमचं काय असतं, तरी तिथे एस्तार.

मराठीतून एक चाचणी बांधली. विशेषणाच्या वाक्यात 'आहे'च्या जागी 'झालाय', 'पडलाय' किंवा तशी घडून गेल्याची क्रिया सहज बसते का पाहायचं. चहा थंड आहे, थंड झालाय: एस्तार. तो आजारी आहे, आजारी पडलाय: एस्तार. दुकान बंद आहे, बंद झालंय: एस्तार. दमलाय, मेलाय, तुटलाय, सगळे एस्तार. उलट 'तो उंच आहे', 'ती हुशार आहे', 'बर्फ थंड असतो' इथे घडून गेलेलं काही नाही, ते वर्णन आहे: सेर.

मर्यादा: नामांना चाचणी लावायची नाही, 'डॉक्टर झालाय' तरी 'एस मेदिको'. आणि 'श्रीमंत झालाय' म्हटलं तरी साधारणपणे 'एस रिको'. असे अपवाद कार्डावर वेगळ्या रंगात. ठिकाणासाठी एस्तार, पण समारंभ कुठे आहे हे सांगायला सेर: 'ला फिएस्ता एस एन मी कासा'.

१६ फेब्रुवारी

लिंग. तीनांची सवय असलेल्याला दोन जड नाहीत, विशेषण नामाप्रमाणे बदलतं हेही आपल्याला नवीन नाही. नाम नेहमी 'एल' किंवा 'ला' लावूनच पाठ करायचं. 'ला मानो', 'एल दिया', 'एल प्रोब्लेमा', 'एल मापा' ही मंडळी लवकर ओळखीची करून घ्यावीत. 'एल आग्वा' दिसायला पुल्लिंगी, पण शब्द स्त्रीलिंगी. आघात असलेल्या 'आ'पुढे 'ला' टाळतात म्हणून 'एल'. अनेकवचनात 'लास आग्वास' होतं तेव्हा उलगडा होतो.

२ मार्च

व्यक्तीपुढचा 'आ'. आजचं काम मला स्वतःला सगळ्यात आवडलं.

'बेओ ला कासा.' मी घर पाहते.
'बेओ आ मी एर्मानो.' मी माझ्या भावाला पाहते.

कर्म निर्जीव असेल तर प्रत्यय नाही, माणूस असेल तर 'आ'. मराठीत तोच 'ला'. इंग्रजीत असं काही नाही, म्हणून इंग्रजी टिपणांत याला खास नाव देऊन वेगळा धडा करतात.

पण साम्य इथे थांबत नाही. अकादमीचं व्याकरण वाचताना दिसलं की माणूस ठरावीक आहे की कुणीही चालेल, यावरही 'आ' येणं न येणं अवलंबून असतं. 'बुस्को उन मेदिको': डॉक्टर शोधतेय, कुणीही चालेल. 'बुस्को आ उन मेदिको': एका डॉक्टरांना शोधतेय, कोण ते मनात आहे. 'डॉक्टर शोधतेय' आणि 'डॉक्टरांना शोधतेय' यांत आपणही नेमका हाच फरक करतो. लग्नाच्या बोलण्यात 'मुलगी पाहिली' म्हणतात, आणि वाटेत दिसली तर 'त्या मुलीला पाहिलं'. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घडलेल्या भाषेत हाच विवेक असावा याचं मला फार अप्रूप वाटलं.

'तेनेर'नंतर मात्र साधारणपणे 'आ' नाही: 'तेंगो उना एर्माना'. इथेही मराठी 'मला एक बहीण आहे' मध्ये बहिणीला प्रत्यय नाहीच.

कार्डं बनवताना मराठी वाक्य आधी, स्पॅनिश मागून. पर्यायांतून बरोबर उत्तर निवडायचे सराव भाची भराभर सोडवते, पण बोलायला लागली की थांबते. ओळखणं वेगळं, स्वतः वाक्य जुळवणं वेगळं. म्हणून निवडीचे सराव या प्रकल्पात घ्यायचे नाहीत.

१६ मार्च

भूतकाळ. ए२ चा गाभा हाच.

स्पॅनिशमध्ये दोन साधे भूतकाळ. घडून संपलेल्या गोष्टीसाठी एक (फुई, कोमी, आब्ले), चालू असलेल्या किंवा सवयीच्या गोष्टीसाठी दुसरा (इबा, कोमीआ, आब्लाबा). मराठीत पाहिलं तर 'गेले' हा पहिला; 'जात होते' आणि 'जायचे' हे दोन्ही मिळून दुसरा.

'कुआंदो एरा निन्या, इबा आ ला प्लाया.' लहान होते तेव्हा समुद्रावर जायचे.
'मे दुचाबा कुआंदो सोनो एल तेलेफोनो.' आंघोळ करत होते तेव्हा फोन वाजला.

मराठी वाक्य आधी मनात म्हटलं की निवड आपोआप होते. दुसऱ्या भूतकाळात अनियमित क्रियापदं फक्त ३: सेर, इर, बेर. पहिल्यात मात्र भरपूर, ती पाठच करावी लागतात.

मग ती जोडी, जिचा इंग्रजी टिपणांत 'अर्थ बदलणारी क्रियापदं' म्हणून बाऊ केलेला असतो. 'साबीआ' म्हणजे मला माहीत होतं, 'सुपे' म्हणजे मला कळलं. 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होते, 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. 'नो पुदे' म्हणजे जमलं नाही. यात अर्थ कुठे बदलला? एक स्थिती आहे, दुसरं तिच्यात शिरण्याचा क्षण. मराठीत त्यांना आधीपासून वेगवेगळी क्रियापदं आहेत, तेव्हा सरळ जोडून टाकायची.

वाट कुठे संपते? 'मी दहा वर्षं नाशिकला राहत होते' हे मराठीत बिनदिक्कत चालतं. स्पॅनिशमध्ये मुदत सांगितली आणि ती संपलेली असली की पहिलाच भूतकाळ: 'बिबी दिएस आन्योस एन नाशिक'. याची कार्डं जास्त केली.

आणि कर्मणी प्रयोग. मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, दोन आंबे खाल्ले: आपलं क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये तिन्ही ठिकाणी 'कोमी'. क्रियापद कर्त्याला सोडत नाही, आणि ते बाईचं की पुरुषाचं हेही सांगत नाही. गेलो आणि गेले दोन्ही 'फुई'. इंग्रजीतल्या एकाही टिपणात मला हा इशारा दिसला नाही, आणि साहजिकच आहे, त्यांना याची गरज नाही. आपल्याला आहे. 'गुस्तार'च्या घराण्यात क्रियापद वस्तूबरोबर जातं, एरवी माणसाबरोबर, हे वाक्य तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवलं.

३० मार्च

पाडवा. आज फक्त उजळणी. भाचीनं सकाळपासूनचा दिवस स्पॅनिशमध्ये सांगितला, गुढी उभारण्यापासून श्रीखंडापर्यंत. ठरवल्याप्रमाणे मी मध्ये बोलले नाही, शेवटी तीनच गोष्टी सांगितल्या. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी आज घडलेल्या गोष्टीला 'ए कोमीदो' म्हणतील, लॅटिन अमेरिकेत 'कोमी'च. दोन्ही बरोबर, कान दोन्हींना तयार हवा.

१३ एप्रिल

'तू' आणि 'उस्तेद'. इंग्रजी पुलावरून गेलं की इथे मोठं नुकसान होतं. तातोएबा या खुल्या वाक्यसंग्रहात मराठी वाक्यंही आहेत आणि स्पॅनिशही, पण बरीचशी इंग्रजीमार्फत एकमेकांना जोडलेली. मधल्या इंग्रजी वाक्यात तू, तुम्ही आणि अनेकवचन सगळं एकच होतं. त्यामुळे तिथून घेतलेलं प्रत्येक वाक्य हातानं तपासायचं, 'तू'ला 'तू' आणि 'तुम्ही'ला 'उस्तेद' लावून.

'उस्तेद'बरोबर क्रियापद तृतीयपुरुषी का? तो शब्द 'बुएस्त्रा मेरसेद' या जुन्या आदरार्थी संबोधनावरून आला, अर्थ 'आपली कृपा'. समोर बसलेल्याला 'महाराजांनी यावं' म्हणावं तशी ही रीत. एवढं सांगितल्यावर भाचीला पुन्हा विचारावं लागलं नाही. लॅटिन अमेरिकेत अनेकवचनी फक्त 'उस्तेदेस', 'बोसोत्रोस' स्पेनचं. ठरलं असं की बोलायचं 'उस्तेदेस', ओळखायचं दोन्ही. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी येणारं 'बोस' नंतर.

११ मे

सुब्खुंतिबो. हे ए२ च्या पुढचं, माझ्या वाट्याचं काम, पण भाचीही बसली.

'किएरो के बेंगास.' तू यावंस असं मला वाटतं.
'एस्पेरो के युएबा.' पाऊस पडावा अशी आशा आहे.
'पारा के लो सेपा.' त्याला ते कळावं म्हणून.

शाळेत शिकलेला विध्यर्थ हाच. यावं, पडावा, कळावं. इच्छा, आशा, हेतू, विनंती, सल्ला या सगळ्या ठिकाणी मराठी 'वा' प्रत्यय आणि स्पॅनिश सुब्खुंतिबो बरोबरीनं चालतात. कर्ता एकच असला की तो नको, हेही जुळतं: 'मला जायचंय' म्हणजे 'किएरो इर', पण 'तू जावंस' म्हटलं की 'किएरो के बायास'. इंग्रजीत हे रूप जवळजवळ लोपलेलं आहे, म्हणून त्यांना मूड, वास्तव, अवास्तव अशी तत्त्वचर्चा करावी लागते. मराठी विद्यार्थ्याच्या हाती ते रूप बोलता बोलता आलेलं असतं. ते त्याला दाखवून द्यायला हवं. इतकी वर्षं कुणी दाखवलं नाही याची मला खंत वाटते.

रूपं: 'मी'चं वर्तमान घ्यायचं, शेवटचा 'ओ' काढायचा, मूळ रूप 'आर'मध्ये संपणाऱ्या क्रियापदांना 'ए' आणि 'एर', 'इर'मध्ये संपणाऱ्यांना 'आ' लावायचा. तेंगो, तेंगा. न जुमानणारी ६: सेर, एस्तार, इर, आबेर, साबेर, दार.

२५ मे

आता कुठे जुळत नाही ते. दुपारभर कोर्पेसमधली वाक्यं काढून मराठीत उतरवली, तेव्हा चित्र स्पष्ट झालं.

शंका आणि नकार: 'नो क्रेओ के बेंगा'. मराठीत 'तो येईल असं वाटत नाही', म्हणजे भविष्यकाळ. न सापडलेली, फक्त मनातली व्यक्ती: 'बुस्को उन मेदिको के आब्ले इंग्लेस', 'इंग्रजी बोलेल असा डॉक्टर', पुन्हा भविष्यकाळ. पुढे घडायची वेळ: 'कुआंदो बेंगास', आपण 'तू आलास की' म्हणतो, चक्क भूतकाळी रूप. आणि भावना: 'मे आलेग्रो दे के एस्तेस आकी', 'तू इथे आहेस याचा आनंद आहे', साधा वर्तमान.

म्हणजे स्पॅनिशमध्ये जे एक रूप, त्याची मराठीत चार घरं. तक्ता चार रकान्यांचा केला: 'यावं'चं घर, 'येईल असा'चं, 'आलास की'चं, 'आहेस याचा'चं. पहिल्यासाठी सराव जवळजवळ लागत नाही. तिसरं सगळ्यात अवघड, कारण 'आलास की' ऐकून हात भूतकाळाकडे जातो. तिथे कार्डं दुप्पट. चौथ्यात आधी भावनेचं क्रियापद पाठ करायचं आणि त्याला 'के' आणि सुब्खुंतिबो चिकटवूनच ठेवायचं.

८ जून

'से मे कायो एल बासो.' माझ्या हातून पेला पडला. 'से मे ओल्बिदारोन लास याबेस.' माझ्याकडून किल्ल्या राहिल्या. मुद्दाम केलेलं नाही, घडलं. क्रियापद पेल्याबरोबर, किल्ल्यांबरोबर. अर्ध्या तासात संपलं.

२२ जून

'पोर' आणि 'पारा', नामाआधी येणारे दोन छोटे शब्द, दोन्हींचा अर्थ वरवर 'साठी'. विभक्तीनं लावून पाहिलं. साठी, करिता, सोमवारपर्यंत, मुंबईकडे निघालेला: पारा. मुळे, बद्दल, ऐवजी, रस्त्यानं, टपालानं: पोर. तृतीयेचा 'नं' आला की बहुतेक वेळा पोर, चतुर्थीचा हेतू आला की पारा. 'पोर' अजून पुरं सुटलेलं नाही, कारण 'सकाळी' म्हणजे 'पोर ला मान्याना' मराठी सप्तमीत आहे, आणि 'औषधासाठी जाते' यातला 'साठी' वस्तू आणायला जायचं असेल तर 'पोर' घेतो: 'बोय पोर ला मेदिसीना'.

पुढचं काम: 'साठी'च्या या दोन वाटा वेगळ्या करणारी वाक्यं संग्रहातून काढणं, देवनागरी उच्चार आता सगळ्या कार्डांवरून काढून टाकणं, आणि भाचीच्या दोन मैत्रिणींना हा संच जुलैत वापरायला देणं. त्यांना मी काही समजावून सांगणार नाही. टिपणं वाचून त्या कुठे अडतात, ते त्यांनी वहीत लिहायचं आणि वही मला पाठवायची.